एक माणूस, दोन मशीन

मी खिशातून स्टॉपवॉच काढलं आणि पहिल्या मशीनवरच्या ऑपरेटरनं लाल बटण दाबलं. बोलला काहीच नाही. हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं आणि मशीनला पाठ टेकून उभा राहिला. मग शेजारचं मशीन थांबलं, त्याच्या पलीकडचं थांबलं, आणि पाचेक मिनिटांत अख्ख्या मशीन शॉपमध्ये फक्त कॉम्प्रेसरचा आवाज उरला. अठ्ठेचाळीस सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारी, मशीन आणि एकही चालू नाही. मार्च २०१४, नाशिकची सातपूर एमआयडीसी, पहिली पाळी, सकाळचे पावणेदहा.

मी तेव्हा त्या कारखान्यात प्रॉडक्शनचा डेप्युटी मॅनेजर होतो. मालवाहू टेम्पोच्या चाकांचे हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, आम्ही बनवायचो. परमनंट कामगार ३८६, कंत्राटी तीनशेच्या आसपास. युनियन एकच, मान्यताप्राप्त, जुनी आणि घट्ट. तिचे जनरल सेक्रेटरी आमच्याच मशीन शॉपमध्ये टर्नर होते. सगळा कारखाना त्यांना नाना म्हणायचा, मीही नानाच म्हणायचो. त्या सकाळी ते माझ्याजवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, ते घड्याळ खिशात ठेवा. मग बोलू."

मी घड्याळ खिशात ठेवलं. त्या क्षणी तो मला पराभव वाटला होता.

आम्हाला काय करायचं होतं, ते आधी सांगतो. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या सुट्या भागांची किंमत दर वर्षी थोडी थोडी उतरवून मागतात. चाकणकडच्या नव्या कारखान्यांत एक माणूस दोन मशीन चालवत होता. आमच्याकडे एका मशीनला एक ऑपरेटर. हबचा सायकल टाइम, म्हणजे एक हब कापायला मशीनला लागणारा वेळ, ४ मिनिटं १० सेकंद. झालेला जॉब, म्हणजे मशीनवरचा नग, काढून नवा चढवायला ४० सेकंद. म्हणजे मशीन कापत असताना माणूस चार मिनिटं उभा. हेड ऑफिसनं नेमलेल्या सल्लागारानं हे कागदावर मांडलं आणि निष्कर्ष काढला की एका माणसानं दोन मशीनवर मिळून पाळीला १६० हब काढायला हरकत नाही. तेव्हाचा नॉर्म, म्हणजे पाळीला ठरलेले नग, होता एका मशीनवर ७२.

आणि ७२ ची एक गंमत होती, म्हणजे आम्हा ऑफिसातल्या लोकांच्या मते गंमत. सात वाजता सुरू झालेल्या पाळीतले ७२ नग दीडच्या सुमारास पूर्ण व्हायचे. पाळी सुटायची तीनला. दीड ते तीन मशीन बंद. लोक बाकावर बसलेले, कोणी पेपर वाचतोय, कोणी दिंडोरीला भावाला फोन लावून द्राक्षावर फवारणी झाली का विचारतोय. आमच्या प्रेझेंटेशनमध्ये त्या दीड तासाला लाल रंग दिला होता आणि वर लिहिलं होतं 'रिकामा वेळ'.

हेड ऑफिसनं मुदत दिली दिवाळीपर्यंतची.

स्टॉपवॉचचं प्रकरण झाल्यावर मॅनेजमेंटनं सरळ कायद्याचा रस्ता धरला. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ खाली बदलाची नोटीस काढली. पाळी, श्रेणी, सवलती, कामगारांची संख्या अशा चौथ्या अनुसूचीतल्या बाबींत बदल करायचा, तर मालकाला २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागायची. आम्हाला वाटलं, नोटीस बोर्डावर लावायची, २१ दिवस मोजायचे, बाविसाव्या दिवशी सुरू. युनियननं १९७१ च्या महाराष्ट्र कायद्याखाली औद्योगिक न्यायालयात तक्रार टाकली: अनुसूची चार, बाब नऊ, झालेला करार न पाळणे. आमचे वकील विचारतात, कुठला करार? कारण २०११ च्या करारात मशीनच्या संख्येबद्दल अक्षर नव्हतं.

ते होतं २००२ च्या करारात, सातव्या पानावर: 'प्रत्येक सीएनसी मशीनवर एक ऑपरेटर राहील.' आणि त्यानंतरच्या प्रत्येक करारात शेवटून दुसरं कलम असं होतं की, या करारात ज्यांचा उल्लेख नाही अशा पूर्वीच्या अटी कायम राहतील. कराराची मुदत संपली म्हणून करार संपत नव्हता. एका बाजूनं तो संपवत असल्याची लेखी नोटीस देऊन दोन महिने होईपर्यंत तो दोघांना बांधायचाच. हे आमच्यापैकी एकानंही वाचलेलं नव्हतं. सहीचे करार आमच्याकडे कपाटात होते, नानांना ते पाठ होते. न्यायालयानं नोटिशीला स्थगिती दिली.

पुढचे तीन महिने जे व्हायचं ते झालं. काळ्या फिती, ओव्हरटाइमला नकार, कॅन्टीनच्या जेवणावर बहिष्कार. गेटवर दर सोमवारी द्वारसभा. उत्पादन नॉर्मच्या खाली एक नगही गेलं नाही आणि वर एक नगही आलं नाही. ७२ म्हणजे ७२. इतकी शिस्त मी त्याआधी त्या शॉपमध्ये पाहिली नव्हती.

जूनमध्ये एका संध्याकाळी मी एकटाच युनियनच्या खोलीत गेलो. सायकल स्टँडच्या मागे दहा बाय दहाची खोली, पत्र्याचं छप्पर, पाऊस नुकताच सुरू झालेला. कोणाला विचारून गेलो नव्हतो. नानांनी पत्र्याची पेटी उघडून करारांची चळत काढली, प्रत्येक कराराला वेगळ्या रंगाची फाइल. २००२ ची फाइल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हे तुम्ही वाचलंच असेल आता. पण यात जे नाही, ते तुम्हाला माहीत नाही."

जे नव्हतं ते असं. २००२ मध्ये जुने टरेट लेथ काढून सीएनसी आणले, तेव्हाही लोक घाबरले होते. त्या वेळच्या प्लँट हेडनं गेटवर उभं राहून सगळ्यांसमोर शब्द दिला की मशीन आलं म्हणून माणूस कमी होणार नाही, जो रिटायर होईल त्याची जागा भरली जाईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मशीन उतरवून घेतली, खंडेनवमीला त्यांना झेंडूच्या माळा घातल्या. तो साहेब दीड वर्षात दुसरीकडे गेला. शब्द दिल्यापासूनच्या बारा वर्षांत ५७ जण रिटायर झाले आणि परमनंट भरती झाली चौघांची. बाकीच्या जागांवर कंत्राटी पोरं आली. शब्द तोंडी होता, त्यामुळे मोडला असं म्हणायलाही कागद नाही. "मी त्या वेळी कमिटी मेंबर होतो," नाना म्हणाले. "तोंडी घेतलं ही माझी चूक. आता मला पोरं दर महिन्याला तेच ऐकवतात."

इतके महिने आम्ही मीटिंगांत 'युनियनचा बदलाला विरोध' हे शब्द वापरत होतो. या माणसांनी तर हातानं चालणाऱ्या लेथवरून सीएनसीवर जाऊन दाखवलं होतं, तेही चाळिशी उलटल्यावर, प्रोग्रामचे आकडे वहीत उतरवून घेत. बदल त्यांना येत होता. बदलाच्या वेळी दिलेला शब्द पाळला जात नाही, हाही त्यांचा अनुभव होता. माझ्या हातातल्या घड्याळाकडे त्यांनी बारा वर्षांचा हिशेब डोक्यात ठेवून पाहिलं होतं.

त्या खोलीत आणखी एक ऑपरेटर बसला होता, पन्नाशीचा, आप्पा. मी 'रिकामा वेळ' असा शब्द वापरला तसा तो पहिल्यांदा बोलला. "रिकामा नाही साहेब, उसंत आहे ती." आणि उठून त्यानं खिशातला खडू काढला. मार्किंगचा खडू मशीनवाल्यांच्या खिशात असतोच. फरशीवर त्यानं लिहिलं: १६० × ९ × २. हबचं कास्टिंग, म्हणजे ओतीव कच्चा नग, नऊ किलोचं. १६० वेळा जमिनीवरच्या ट्रेमधून वाकून उचलायचं, चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, धरायचं, मग झालेला जॉब काढून पुन्हा खाली ठेवायचा. त्यानं बेरीज-गुणाकार सावकाश केला आणि खाली रेघ मारली. २८८० किलो.

"पावणेतीन टनाच्या वर," तो म्हणाला. "रोज. तुमच्या घड्याळात हे कुठं दिसतं?"

मी त्या आकड्याकडे बघत राहिलो. सल्लागाराच्या साठ पानी अहवालात सेकंद होते, पावलं होती, किलो कुठेच नव्हते. आणि मी डिप्लोमा करून सतरा वर्षं याच धंद्यात होतो. नऊ किलोचा हब मी हजारदा हातात घेतला होता, पण एका वेळी एकच.

तिथून पुढे मला काय करायचं ते कळलं, पण वरच्यांना पटवणं खालच्यांपेक्षा अवघड गेलं. हेड ऑफिसमधल्या एका साहेबांनी मला विचारलं, मशीन आमची, पैसे आमचे, ती कशी चालवायची हे युनियनला विचारून ठरवायचं का? मी बँकांचं उदाहरण दिलं. बँकांमध्ये यंत्रं आणि संगणक आले ते १९८३ मध्ये संघटनांशी झालेल्या लेखी करारानं, मर्यादा ठरवून, टप्प्याटप्प्यानं. बँका बुडाल्या नाहीत. त्यांना ते फारसं रुचलं नाही. पण न्यायालयाची स्थगिती होती आणि दिवाळी गाठणं आता शक्य नव्हतं, एवढ्याच कारणानं त्यांनी मला वेळ दिला. नोटीस मागे घेतली. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतला सगळ्यात महत्त्वाचा दिवस तो. नोटीस बोर्डावरून काढलेला कागद मी स्वतः नेऊन नानांच्या हातात दिला.

मग बैठका. ऑगस्ट २०१४ ते जून २०१५, एकूण तेवीस. पहिल्या चार बैठका फक्त एवढ्यावर गेल्या की प्रयोग करायचा की नाही. ठरलं ते असं: एकच सेल, म्हणजे एका माणसानं चालवायची दोन मशीन, सहा ऑपरेटर, तेही युनियननं निवडलेले, तीन महिने, या काळातलं उत्पादन पुढे नॉर्म म्हणून वापरायचं नाही, आणि घड्याळं दोन, एक आमच्या माणसाकडे, एक कमिटी मेंबरकडे. दोन्ही नोंदींवर दोघांच्या सह्या.

दोन घड्याळांनी जे दाखवलं ते एका घड्याळाला कधीच दिसलं नसतं. आमचा इंजिनियर मोजायचा ते मशीनचं काम. कमिटी मेंबर त्याला थांबवून सांगायचा, हेही लिही. इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या पात्याची, धार गेली, फिरवून घ्यावा लागला, लिही. भोक मोजायच्या बोअर गेजनं दोनदा बघितलं कारण पहिल्यांदा काटा वरच्या टोकाला होता, लिही. बिडाची काळी भुकटी चकच्या जबड्यात बसली, हवेनं झाडली, लिही. एका मशीनवर जॉब चढवताना दुसरं सायकल संपवून थांबलं, ती खोळंब्याची सेकंदं लिही. आमचा इंजिनियर पुण्याचा, जेमतेम पंचविशीचा. दुसऱ्या महिन्यात तो स्वतःच मला म्हणाला, "सर, १६० कुठून काढले होते कळत नाही."

आप्पा त्या सहांत होता. त्यानं सुचवलं की कास्टिंग जमिनीवर ठेवूच नका, कमरेच्या उंचीवर रोलर लावा, जॉब ढकलत मशीनपर्यंत यावा आणि झालेला पुढच्या रोलरवर सरकावा. टूलरूमनं भंगारातल्या कन्व्हेयरचे रोलर वापरून आठवड्याभरात तसा बनवला. वाकणं संपलं. पंधरा दिवसांनी आप्पा मला म्हणाला की तो आता रात्री कुशीवर झोपू शकतो. वर्षानुवर्षं पाठीला फडकं बांधून काम करणारा माणूस तो. हे वाक्य मी बैठकीच्या इतिवृत्तात घालायला लावलं. एचआरवाल्यांना ते विचित्र वाटलं, पण घातलं.

शेवटी आकडा ठरला १२२. दोन मशीनवर मिळून पाळीला १२२ हब. सल्लागाराच्या १६० पेक्षा कितीतरी कमी, पण एका माणसामागे आधीच्या ७२ च्या जवळजवळ पावणेदोनपट. आणि पाळीच्या शेवटी जवळपास तासभर उसंत राहील असं धरूनच तो काढला होता. करारात शब्द 'विश्रांती भत्ता' (पैसे नव्हे, वेळेतली सूट) असा आला, पण बोलण्यात दोन्ही बाजू उसंतच म्हणायच्या.

बाकीची कलमं लिहायला जास्त वेळ लागला. मोकळे होणारे ऑपरेटर कपात होणार नाहीत, त्यांना नव्या लाइनवर, टूलरूममध्ये आणि इन्स्पेक्शनला प्रशिक्षण देऊन घ्यायचं. बदली झाली तरी श्रेणी आणि पगार खाली जाणार नाही. तीन जण रिटायर झाले की दोन जागा परमनंट भरायच्या, आणि दर जानेवारीला ती यादी बोर्डावर लावायची. या शेवटच्या ओळीवर आम्ही पाच बैठका भांडलो. मॅनेजमेंट म्हणायची, आमच्यावर विश्वास नाही का? नाना म्हणायचे, विश्वास आहे, म्हणूनच लिहा.

करार मंजुरीसाठी द्वारसभेत गेला तेव्हा मी गेटच्या आत, सिक्युरिटीच्या केबिनमध्ये उभा राहून ऐकत होतो. एका तरुण ऑपरेटरनं थेट विचारलं, "नाना, कालपर्यंत नको म्हणत होता, आज हो कसं?" नानांनी १९२८ चा मुंबईचा गिरणी संप सांगितला. तेव्हा गिरणीमालकांनी दोन मागांवरच्या विणकराला तीन माग द्यायला सुरुवात केली होती. एप्रिल ते ऑक्टोबर, दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर. "त्यांचंही म्हणणं माग चालवता येत नाही असं नव्हतं," नाना म्हणाले. "वाढलेल्या कामातलं आम्हाला काय, आणि जो बाहेर फेकला जाईल त्याचं काय, एवढंच होतं. आपण तेच दोन प्रश्न विचारले. या वेळी उत्तर लिहून मिळालंय. पटलं तर हात वर करा." बहुतेक हात वर गेले. सगळे नाही.

सह्या आम्ही मुद्दाम कामगार उपायुक्त कार्यालयात, समेट अधिकाऱ्यासमोर केल्या. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १२(३) खाली झालेला करार मग कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना लागू व्हायचा, सही करणाऱ्या युनियनचे सभासद असोत नसोत, आणि उद्या कामाला लागणाऱ्यालाही. २००२ सारखं पुन्हा व्हायला नको, ही नानांची अट होती, आणि तोवर माझीही झाली होती.

पुढच्या वर्षी युनियनची निवडणूक झाली आणि नाना ३१ मतांनी पडले. मॅनेजमेंटला विकले गेले, असं त्यांच्याविरुद्ध बोललं गेलं. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं. त्या माणसानं आम्हाला एक कपभर चहासुद्धा कधी फुकट पाजू दिला नाही. बैठकीतल्या चहाचे युनियनच्या वाट्याचे पैसे तो वेगळे द्यायचा. नाना पुन्हा पूर्णवेळ आपल्या मशीनवर आले. दोन मशीनचा सेल मागून घेतला आणि रिटायर होईपर्यंत चालवला.

आता यातलं जे मला अजून बोचतं ते.

तेवीस बैठकांत कंत्राटी कामगारांचा विषय एकदाच निघाला, तोही 'लोडिंगचं काम कोणाकडे' एवढ्यापुरता. उत्तर होतं, कंत्राटी हेल्परकडे. कोणीच हरकत घेतली नाही. मीही नाही. परमनंट माणसाच्या कमरेवरचं ओझं उतरलं याचा आम्हाला सगळ्यांना इतका आनंद होता की ते उतरून कुठं गेलं, हे बघितलंच नाही. समेट अधिकाऱ्यासमोरचा करार कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना लागू व्हायचा, हे मी वर लिहिलं. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असलेला पोरगा कागदोपत्री त्या सगळ्यांत येत नव्हता.

२०१६ च्या पावसाळ्यात मी सेलच्या मागच्या बाजूनं चाललो होतो. पेठ तालुक्यातला एक पोरगा, एकवीस-बावीस वर्षांचा, जमिनीवरच्या पॅलेटवरून कास्टिंग उचलून रोलरवर ठेवत होता. तोपर्यंत तीन सेल झाले होते आणि तिन्हींना माल तोच चढवायचा. मी खडू मागून घेतला आणि खांबावर लिहिलं: १२२ × ३ × ९. उत्तर आलं ३२९४ किलो. आप्पाच्या २८८० पेक्षा चारशे किलो जास्त, आणि पगार आप्पाच्या एक तृतीयांशही नाही. पोरगा हातातलं काम न थांबवता माझ्याकडे बघत होता.

हवेवर चालणाऱ्या उचलयंत्राची मागणी मी त्याच आठवड्यात केली. ती मंजूर होऊन यंत्र बसायला चौदा महिने लागले. युनियनच्या नव्या कमिटीकडेही गेलो, म्हटलं पुढच्या मागणीपत्रात लोडिंगचं काम घाला, त्या जागा परमनंट करायची मागणी घाला. ते म्हणाले, बघू.

यंत्र बसलं त्या दिवशी तो पोरगा तिथंच होता. त्यानं हुक लावून एक हब उचलला, हवेत तरंगत रोलरवर आणून ठेवला आणि हसला. मी म्हटलं, आजपासून हातानं उचलायचं नाही, यंत्र बंद पडलं तर लाइन थांबवायची, कोणी काही म्हणालं तर माझं नाव सांगायचं.

"साहेब," त्यानं विचारलं, "हे कुठं लिहिलेलं आहे का?"

मी सुपरवायझरच्या टेबलावर बसलो आणि कंपनीच्या लेटरहेडवर तीन ओळी लिहिल्या. तारीख घातली, सही केली, शिक्का मारला. एक प्रत शॉपच्या बोर्डावर लावली. दुसरी त्यानं घडी करून गळ्यातल्या ओळखपत्राच्या प्लॅस्टिक पाकिटात, फोटोच्या मागे सरकवली आणि पुढचा हब उचलायला हुक ओढला.